डोणगावच्या बोटीच्या बॅटऱ्या

बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला जाण्याआधीही माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून मालवणात जो भेटेल तो मला भूगोल शिकवतोय. मी बोटींच्या विजेचं काम करतो. बोटीवर काय काय चालणार, किती वेळ चालणार, त्याला किती बॅटऱ्या लागणार याचा हिशोब करायचा, तारा ओढायच्या आणि मालकाने हिशोबाबाहेरचा फ्रीज आणून ठेवला की त्याच्याशी भांडायचं, हा माझा धंदा. या धंद्यापायी मी कारवारला गेलोय, दीवला गेलोय. बुलढाण्याला जाशील असं कुणी म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून मुकाट घरी पाठवला असता.

पण फोन आला. "साहेब, मी डोनगावहून सुधाकर बोलून राह्यलो. मले क्रूझ बनवाची हाय. बोट तयार हाय, फक्त लाइटचं तेवढं तुमी पाहून द्या." मी विचारलं, पाणी कुठे आहे? तर म्हणाला, "धरन हाय ना!" बायकोला सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती. तिने कोयती खाली ठेवली. "बुलढाण्यात बोट? थंय दर्या खंय हा?" मी म्हटलं, धरण आहे. "मग थंयच ऱ्हवा," म्हणाली. निरोप असा झाला.

डोणगाव

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, एस.टी. सगळ्या महाराष्ट्रात सारखीच हाडं मोडते. मेहकरच्या पुढे डोणगावला उतरलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि दिसेल त्या भिंतीवर बीटी बियाण्याची जाहिरात. चित्रातलं एकेक बोंड शहाळ्याएवढं, आणि शेजारी इस्त्रीचा सदरा घालून हसणारा शेतकरी. त्याच भिंतींच्या सावलीला खरे शेतकरी बसले होते. त्यांच्यात हसणारा मला कुणी दिसला नाही.

सुधाकरभाऊंचं बी-बियाणं आणि खताचं दुकान भर चौकात आहे. माणूस पंचेचाळिशीचा, गोल, हसरा. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि पांढरे बूट. तिथल्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून हिंडायला छाती लागते. बूट बँकॉकचे होते. कपाशीचं बियाणं सगळ्यात जास्त खपवलं म्हणून कंपनीने त्यांना बँकॉकला नेलं होतं आणि तिथे एका संध्याकाळी नदीतल्या बोटीवर जेवायला घातलं होतं. त्या जेवणानंतर हा माणूस बिघडला.

"साहेब, पान्यावर जेवन! अन् लाइट! तीन तास बसलो, एकदाबी नाई गेली!" ते डोळे विस्फारून सांगत होते. बँकॉकमधलं त्यांना बाकी काही आठवत नव्हतं. नदी कुठली, जेवायला काय होतं, काही नाही. लाइट गेली नाही, एवढंच. "तवाच ठरवलं, आपल्या धरनावर अशी बोट पाह्यजे, जिच्यावर लाइट जातच नाई."

मी काही विचारणार, एवढ्यात भाऊ बोलता बोलता उठले आणि खताच्या थप्पीमागे दिसेनासे झाले. पायरीवर एक बाई येऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात पुरुषी चपला. "भाऊ हायेत काय?" थप्पीमागून एक हात बाहेर आला आणि जोरजोरात नाही-नाही करू लागला. मी पाहुणा माणूस. म्हटलं, बाहेर गेलेत.

"मंग बसतो मी घडीभर," म्हणून त्या बसल्या. त्या भागात बायकाही 'बसतो, येतो' असंच बोलतात. नाव विमलताई. धरणाच्या पल्याड त्यांचं वावर, नवरा वारलेला, शेती स्वतः करतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाएवढी वाढली पण तिला बोंडंच धरली नाहीत. "कृषीवाले साहेब म्हनतात, बियाण्याचं बिल आना, नाई तं दुकानदाराच्या तोंडून वदवा का बियाणं त्याचंच होतं. मंगच पंचनामा होते, मंगच भरपाई भेटते. बिल यायनं देलं नाई. अन् तोंड तं दाखवतच नाईत." त्या शांतपणे सांगत होत्या. "भरपाई भेटली तं पुढची पेरनी होते. नाई तं वावर दुसऱ्याले द्या लागन, अन् मले पुन्याले लोकायची धुनीभांडी कराले जा लागन."

बोलताना त्यांची नजर थप्पीच्या तळाशी गेली. तिथून बँकॉकचे पांढरे बूट स्वच्छ दिसत होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर सावरत उठल्या. "आले की सांगजा, विमल येऊन गेली म्हनून." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ मात्र बाहेर आले, युरिया झटकला आणि बोटीवर कुल्फी कुठे ठेवायची ते सांगू लागले.

सुधाकरभाऊंच्या घरी

मुक्काम त्यांच्याच घरी. मंगलावहिनी पाहुणचाराला फार दांडग्या. आमच्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हटलं की यजमान सुटकेचा श्वास टाकतो. तिथे नको म्हणणं म्हणजे लाजणं, आणि लाजणाऱ्याला दुप्पट वाढतात. कोकणातला माणूस म्हणून माझ्यासाठी मुद्दाम धरणातली मासोळी आणलेली. सकाळी मासोळी, संध्याकाळी मासोळी, काळ्या मसाल्यात, आणि काटे असे की घास घेताना देवाचं नाव घ्यावं. माझ्या समोर बसून घरचे सगळे वांग्याचं भरीत, ठेचा आणि कळण्याची भाकरी हाणत होते. भरताचा वास नाकात आणि काटा घशात! मी भरीत मागितलं तर वहिनी म्हणाल्या, "साहेब संकोच करून राह्यले," आणि ताटात आणखी एक मासोळी पडली.

जेवणं झाल्यावर हिशोबाला बसलो. यात अवघड काही नाही. जी वस्तू चालवायची ती किती वॅट खाते ते बघायचं, दिवसातून किती तास चालते ते विचारायचं, दोन्हींचा गुणाकार. अशा सगळ्या वस्तूंची बेरीज करायची आणि बॅटरीच्या व्होल्टने भागायचं. जे उत्तर येईल त्याच्या दुप्पट बॅटरी घ्यायची, कारण बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. वॅट वस्तूवर छापलेले असतात, तिथे कुणी खोटं बोलत नाही. लोक चुकतात ते तासांत. ट्रॉलरवाल्यांना विचारा, दिवा किती वेळ लागतो, तर म्हणतील लागतो थोडा वेळ, आणि रात्रभर जाळतील. म्हणून मी मालकाला कधी विचारत नाही. घर ज्या बाईच्या हातात असतं तिला विचारतो. ही माझी युक्ती. तिचा मला मोठा अभिमान होता.

"वहिनी, पंखा दिवसातून किती तास?"

"लाइट असते तेवढा."

"लाइट किती तास असते?"

"आठ तास धरा. कधी कधी नवरात्रात जास्त."

"टीव्ही?"

"लाइट असते तेवढा."

फ्रीझर, लाइट असते तेवढा. देवापुढचा विजेचा दिवा, लाइट असते तेवढा. मी खूश. असं ठाम, एकसारखं उत्तर मला आजवर एकाही बोटीवर मिळालं नव्हतं. आठ तास लिहून मोकळा झालो. मग भाऊंनी यादी वाढवायला घेतली: डेकला झगमग दिव्यांच्या माळा, गाण्याचे मोठे डबे, लस्सीला मिक्सर, अख्ख्या गावाचे मोबाइल चार्जिंगला येतील म्हणून प्लगच्या पाट्याच्या पाट्या. वर कुलर पाहिजे म्हणाले. म्हटलं, अहो पाण्यावर कुलर कशाला? "पाहुन्याले दिसाले पाह्यजे ना." कुलरवरून तासभर वाद झाला. शेवटी कुलर ठेवायचा पण चालवायचा नाही असं ठरलं.

बॅटऱ्या ठरल्या. बोटीवरच्या सगळ्या चैनीला चार मोठ्या आणि इंजिन चालू करायला एक वेगळी. त्या वेगळीबद्दल मी सगळ्यांना बसवून समजावलं. बाकी सगळं बंद पडलं तरी हरकत नाही, पण इंजिनाच्या बॅटरीवर दुसरं काही म्हणजे काही जोडायचं नाही. ती तिथे नुसती बसून राहील, तेच तिचं काम. सगळ्यांनी माना हलवल्या. वऱ्हाडात मान फार प्रेमाने हलवतात.

धरणावर

बोट पाहिली आणि खरं सांगतो, पाच मिनिटं हसू आवरेना. ती रशीदभाईंनी बनवली होती. रशीदभाई डोणगावचे वेल्डर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात सगळ्या तालुक्यात नाव. त्यांनी आयुष्यात बोट पाहिलेली नव्हती. भाऊंनी मोबाइलवर बँकॉकचा फोटो दाखवला आणि रशीदभाईंनी लोखंडी पिंपांवर एक दुमजली ट्रॉली उभी केली. लाल-पिवळा रंग, पुढे लिंबू-मिरची, मागे 'हॉर्न प्लीज'. बाजूला मोठ्या अक्षरात 'बँकॉक' आणि खाली बारीक 'आईची कृपा'. आत जुन्या जीपचं इंजिन. वल्ही नव्हती. मी विचारलं तर भाऊ म्हणाले, बँकॉकच्या बोटीले नव्हती.

"रशीदभाई, बुडणार नाही ना?"

"साहेब, जिंदगीत इतक्या ट्राल्या बनवल्या, एकबी डुबली नाई."

"अहो, ट्रॉली पाण्यात कुठे जाते?"

"जात नाई म्हनूनच तं डुबली नाई! टेन्शन नका घेऊ."

पण पाण्यावर ती सरळ उभी राहिली, कुठे ठिबकली नाही. मालवणातल्या दोन-चार नावाजलेल्या कारागिरांची नावं माझ्या ओठांवर आली होती, ज्यांच्या बोटी पहिल्या दिवशी ठिबकतात; पण मला तिथेच राहायचंय, म्हणून गप्प बसतो.

तारा ओढत होतो तेव्हा विमलताई पुन्हा आल्या. त्यांचं वावर समोरच्या काठाला, तिथून दिसतच होतं. धरणाला वळसा घालून चालत आल्या होत्या. त्यांना लांबून पाहताच भाऊ टुणकन बोटीत चढले. "रशीद, ढकल बे!" बोट काठापासून सुटली आणि मी तारांसकट तिच्यावर. विमलताई काठावर पोचल्या तोवर आम्ही दगडाच्या टप्प्याबाहेर होतो. त्या ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. उन्हात उभ्या राहिल्या, बऱ्याच वेळाने परत फिरल्या.

मी चिडलो. "भाऊ, काय प्रकार आहे हा? बियाणं तुमचं नव्हतं का?"

भाऊंचं हसू गेलं होतं. "माहंच होतं. यंदा त्या बियाण्याची मारामार होती साहेब. लोक रांगा लावून राह्यले होते. मंग काय, मागच्या दारानं गेलं, बिनबिलाचं. सगळ्यायनंच इकलं तसं. आता मी माह्या तोंडानं सांगतलं तं लायसन जाते. लायसन गेल्यावर काय इकू, कुल्फी?" मग म्हणाले, "दोन म्हैने झाले, कोनाच्या वावरात पाय नाई टाकला मी. दिसला मानूस की इचारते, काऊन भाऊ, काऊन असं झालं. मले काय मालूम काऊन! पान्यावर कोनी इचारत नाई."

तेव्हा मला बोटीचा खरा उपयोग कळला. मी तारा ओढत राहिलो. बॅटऱ्यांच्या हिशोबात हे कुठे धरायचं मला कळेना.

अमडापूर

जाड केबल हवी होती म्हणून रशीदभाईंच्या मोटारसायकलवर अमडापूरच्या बाजाराला गेलो. मिरच्यांचे ढीग, वांगी, बैलांचे गोंडे, आणि चहाच्या टपरीवर कापसाशिवाय दुसरा विषय नाही. रशीदभाईंनी अभिमानाने सांगितलं की साहेब बोटीची लाइट करून राह्यले. एक म्हातारबुवा बशीतला चहा संपवून म्हणाले, "पानी वावराले भेटत नाई, बोटीले भेटते. लाइट मोटरीले भेटत नाई, बोटीले भेटते. आपनबी बोटच व्हाव बे!" सगळे खदखदून हसले, मीही हसलो. केबल घेऊन निघताना मला टपरीवाल्याने मिरचीची भजी आग्रहाने खायला घातली. त्यानंतरचा रस्ता मला नीटसा आठवत नाही, नुसतं पाणी पाणी करत होतो.

पाण्यावर

पहिल्या फेरीला प्रमुख पाहुणे होते कृषी खात्याचे साहेब. बोटीचा आणि त्यांच्या खात्याचा काय संबंध, असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, संबंध ठेवले की असतात. विमलताईंना बिल आणा म्हणणारे साहेब ते हेच. सुट्टीचा दिवस होता. साहेब काळा गॉगल लावून, कडक इस्त्रीत आले होते.

आदल्या संध्याकाळी मी बॅटऱ्या गच्च भरून, सगळं तपासून, बोट वहिनींच्या ताब्यात देऊन पुढे निघालो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा रशीदभाई इंजिन चालू करून बसले होते. पंखे फिरत होते, फ्रीझर गुरगुरत होता, माळा भर उन्हात लुकलुकत होत्या. मीटर पाहिलं, काटा झकास. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वहिनींनी रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, डबा उघडला, जोडीला वांग्याची भाजी. साहेबांमुळे का होईना, अखेर माझ्या ताटात मासोळी नव्हती. जन्माचं सार्थक झालं.

पार मध्यावर आल्यावर भाऊंना भरून आलं. "रशीद, इंजिन बंद कर बे. साहेबायले शांतता ऐकू दे."

इंजिन थांबलं. पाठोपाठ पंखे मंदावले आणि थांबले. टीव्ही विझला. फ्रीझर एक उसासा टाकून गप्प झाला.

"लाइट गेली," भाऊ म्हणाले.

आणि कुणालाही काही वाटलं नाही हो! वहिनींनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. साहेबांनी गॉगल काढून पुसला आणि आरामात मागे टेकले. "इकडे कधी येते?" त्यांनी विचारलं. "चार वाजता याले पाह्यजे," भाऊ म्हणाले. आम्ही सगळे धरणाच्या मधोमध बसून लाइट यायची वाट बघत होतो! पहिलं मिनिटभर मीसुद्धा. मग माझं डोकं फिरलं.

"येणार कुठून?" मी ओरडलो. "वायरमन पोहत येणार आहे का? रशीदभाई, इंजिन चालू करा!"

रशीदभाईंनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"सकाळी कसं चालू केलंत?"

"ट्रॅक्टरची बॅटरी लावून."

"म्हणजे सकाळीच बंद होतं? मग सांगितलं का नाही मला?"

"त्यात काय सांगाचं?" रशीदभाई खरोखरच चकित झाले होते. "आमच्याकडं साऱ्याच गाड्या अशाच चालू होतात. नाई तं धक्का माराचा."

"आणि इंजिनाची वेगळी बॅटरी? तिला काय झालं?"

"ती रिकामीच बसून होती साहेब. म्हटलं, फ्रीझरले कमी पडन. जोडून देली."

मी डोक्याला हात लावला. म्हणजे सकाळपासून सगळं चालत्या इंजिनाच्या डायनामोवर चाललं होतं, आणि मीटरचा तो झकास काटाही त्याचाच. पण तरी चार भरलेल्या बॅटऱ्या एका रात्रीत कशा रिकाम्या होतील? सगळे गेल्यावर इथे वापरायला होतंच कोण? मी वहिनींना विचारलं, काल जाताना बटणं बंद केली होती ना?

"बटन काऊन बंद कराचे?" वहिनी म्हणाल्या. "बटन बंद केलं तं लाइट आली हे समजन कसं?"

बोंबला! त्या भागात बटण बंद करायची रीतच नाही. बटण कायम चालू. वीज जाते, वीज येते, पंखा आपला आपण थांबतो आणि आपला आपण सुरू होतो. शेतातल्या मोटारींचंही तेच. बंद करायचं काम वीज मंडळ करतं, मग माणसाने कशाला करा? म्हणून पंखा आठ तास. आणि मी कोकणातला दीडशहाणा, 'लाइट असते तेवढा' हे उत्तर कौतुकाने लिहून घेऊन त्यांना अशी बोट बांधून दिली जिच्यावर लाइट जातच नाही. मग पंखा चोवीस तास! कुलरसुद्धा रात्रभर रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होता. न चालवायचा असं ठरलेला कुलर!

"हँडल मारा इंजिनाला!"

"हँडल दुकानात हाय."

मोबाइलला रेंज नाही. वारा सुटला आणि 'बँकॉक' आईच्या कृपेने आपोआप सरकू लागली. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट? होती ना, वहिनींनी त्यांच्या छान गाद्या शिवून खुर्च्यांना पक्क्या टाचल्या होत्या. बोट हलली की साहेब खुर्चीला मिठी मारत होते.

सरकत सरकत आम्ही पलीकडच्या काठापासून हाकेच्या अंतरावर आलो. काठावर बैलगाडी होती, आणि गाडीशी विमलताई, आमच्याकडे बघत. भाऊंनी त्यांना ओळखलं आणि ताडकन उठले.

"इथं नको! रशीद, इथं नको लावू! वाऱ्यानं जाऊ दे पुढं!"

"अरे, कोणता का काठ असेना!" साहेब किंचाळले. "मला जमिनीवर उतरव आधी! ओढायला सांग त्यांना!"

रशीदभाईंनी कमरेला दोर बांधला, बिस्मिल्ला म्हणून कपड्यांसकट उडी मारली आणि हातपाय मारत काठ गाठला. विमलताईंनी गाडी सोडली, दोर जुवाला बांधला आणि बैलांना हाक दिली. अशी डोणगावची क्रूझ एका बैलजोडीने ओढून काठाला लावली. दुसऱ्या वेळी मी पोट धरून हसलो असतो. पण भाऊंकडे बघितलं आणि हसू आलं नाही. माणूस पांढराफटक पडला होता.

काठापासून गाडीरस्त्याला जायला वाट एकच, विमलताईंच्या कपाशीतून. पुढे त्या, मागे साहेब, मी, वहिनी, ओले रशीदभाई आणि शेवटी भाऊ. कपाशी खांद्याच्या वर गेलेली, हिरवीगार, पान न पान तजेलदार. लांबून बघणाऱ्याला वाटावं काय पीक आहे! आत शिरलं की कळत होतं. वेचणीचे दिवस, आणि कुठे पांढरा ठिपका म्हणून नाही. नुसता पाला. बिल आणा म्हणणारे साहेब दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करत चालले होते.

मागे पावलं थांबली म्हणून वळलो. भाऊंचे बूट चिखलात रुतले होते. त्यांनी ते तिथेच सोडले आणि अनवाणी उभे राहिले. त्यांचा हात शेजारच्या झाडाकडे गेला. ते कापूस वेचणाऱ्या आईच्या मागे फिरून वाढलेले, हे वहिनींनी मला जेवताना सांगितलं होतं. हात बुडापासून शेंड्यापर्यंत गेला, पानाखाली, फांदीच्या बेचक्यात, बोंड जिथे असायला हवं तिथे. काही लागलं नाही. मग दुसरं झाड, मग तिसरं. ओळीतलं एकेक झाड ते तसं चाचपत पुढे येत होते.

"अहो, चला ना," वहिनी हळूच म्हणाल्या.

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा ताई, पीक मी पाहिलं. पण बियाणं कुठून घेतलं, याचा काही..."

विमलताई भाऊंकडे बघत होत्या.

"माह्या दुकानातलं हाय, साहेब," भाऊ झाडातूनच म्हणाले. "म्याच देलं. मागच्या दारानं, बिनबिलाचं. लिहून घ्या."

"सुधाकर, विचार करून बोल. लायसन्सचा प्रश्न आहे."

"इचार करून नाई, साहेब. पाहून बोलून राह्यलो."

साहेबांनी गॉगलची काडी दोनदा उघडझाप केली. मग त्यांनी पंच कोण होणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी होतो. रशीदभाईंनीही हात वर केला. विमलताई एकदम मटकन बांधावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून मोठमोठ्याने रडायला लागल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. वहिनी भारी लुगड्यानिशी त्यांच्याजवळ चिखलात बसल्या.

सुधाकरभाऊ आमच्याजवळ आलेच नाहीत. ती ओळ संपली होती. ते वळून पुढच्या ओळीतलं पहिलं झाड चाचपत होते.